सोमवारची छाती



समोर वैद्यकीचे विद्यार्थी बसले आहेत, म्हणून आज फुफ्फुसांविषयी बोलणार आहोत. आम्ही ती विच्छेदनाच्या टेबलावर नव्हे, गिरणीच्या पिंजणखात्यात शिकलो.

श्वासनलिका छातीत दुभंगते, फांद्यांना फांद्या फुटत जातात आणि टोकाला कोट्यवधी वायुकोश लागतात. तेथे प्राणवायू रक्तात उतरतो. पण कापसाच्या धुळीचे दुखणे मुख्यतः त्या कोशांत नसते. जाडे कण नाकात व वरच्या नळ्यांत अडकतात. नळ्यांच्या अस्तरावरची लव त्यांना कफासह घशाकडे ढकलते. बारीक धुळीबरोबर मात्र कापसावरच्या जंतूंचे विष खोल जाते आणि नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात. घेतलेला श्वास सोडताना जीव मेटाकुटीला येतो.

सुट्टीनंतर सोमवारी छाती जखडते, मंगळवारी सुटते. कामगार म्हणतो, सुट्टी बाधली! वर्षे लोटली की आठवडाभर जखडते. पुढे सुट्टीतही सुटत नाही. क्ष-किरणांचा फोटो मात्र बहुधा स्वच्छ. आमच्या एका सोबत्याला याच स्वच्छ फोटोवर कामचुकार ठरवले गेले. हा रोग, बिसिनोसिस, कायद्याच्या परिशिष्टात आहे; पण डॉक्टरने नाव लिहिल्यावाचून भरपाई कसली?

मुंबईच्या बहुतेक गिरण्या १९८२ च्या संपानंतर मिटत गेल्या. सूतगिरण्या अन्यत्र चालू आहेत. तेथला रोगी आला, तर पाळीआधी आणि पाळीनंतर तो पहिल्या सेकंदात किती हवा फुंकतो ते मोजा. यंत्र नसेल तर निदान दोन गोष्टी विचारा : छाती कोणत्या वारी भरते, आणि सुट्टी कोणत्या वारी असते?