गिफ्ट म्हणजे विष? इंग्रजी आणि डॅनिश नामांची भावकी

आजचा विषय लांबचा वाटेल, पण ऐकत राहा.

डेन्मार्कमध्ये विषबाधेसाठी चोवीस तास चालणारी हेल्पलाइन आहे. तिचं नाव 'गिफ्टलिन्येन'. आपल्या इंग्रजीच्या सवयीनं ही भेटवस्तू पोचवणारी कंपनीच वाटेल! पण डॅनिशमध्ये 'गिफ्ट' या नामाचा अर्थ विष. तेव्हा तिकडे राहायला गेलेल्यांनी, त्यातून घरात लहान मूल असेल तर, बाटलीवर 'गिफ्टिग' छापलेलं दिसलं की ती आधी उंच कपाटात ठेवायची. गिफ्टिग म्हणजे विषारी.

बरं, हाच शब्द विशेषण म्हणून आला की अर्थ होतो 'विवाहित'. यावरचे विनोद डेन्मार्कमध्ये करून झालेत, आपण नको करायला.

मूळ एकच, 'देणं'. आता आपल्या मराठीत बघा. आपण भेट देतो, औषध देतो, विष देतो, आणि "थोरली सांगलीला दिली" असंही म्हणतो. काय दिलं ते आपण शेजारच्या शब्दानं सांगतो. तिकडे तो शेजारचा शब्द गळाला आणि नुसतं 'दिलेलं' उरलं. विषाचा अर्थ आला औषधाच्या वाटेनं. ग्रीक 'डोसिस' म्हणजे देणं, त्यावरून औषधाची मात्रा. त्याच धर्तीवर जर्मनमध्ये गिफ्ट म्हणजे दिलेली मात्रा आणि पुढे घातक मात्रा. लग्नाचा अर्थ तर जुन्या इंग्रजीतही होता, वधूसाठी दिलेल्या मोलाला हाच शब्द होता. उलट आजचा 'भेट' हा अर्थ इंग्रजीत रुळला तो व्हायकिंगांच्या भाषेमुळे. म्हणजे डॅनिश लोकांच्या पूर्वजांनीच तो तिथे पोचवला, आणि स्वतःकडे विष ठेवलं!

हुंड्याला डॅनिशमध्ये 'मेडगिफ्ट' म्हणतात. मुलीबरोबर दिलेलं. यावर मी काही बोलत नाही.

दुसरा फसवा शब्द 'टाइम'. डॅनिशमध्ये स्पेलिंग अगदी तेच, उच्चार साधारण 'टीमे', अर्थ मात्र तास. मग वेळेला काय म्हणतात? 'टिड'. त्याचं इंग्रजी भावंड म्हणजे 'टाइड'. आज त्याचा अर्थ भरती-ओहोटी, पण पूर्वी तोही वेळच होता. ख्रिसमसच्या दिवसांना 'ख्रिसमसटाइड' म्हणतात, त्यात तो जुना अर्थ अजून टिकून आहे. समुद्र ठरल्या वेळी येतो आणि जातो, म्हणून वेळेचा शब्द त्याला चिकटला. आणि संस्कृतमधला 'वेला' आठवा. काळ, किनारा, भरती, तिन्ही अर्थ एकाच शब्दात. आपली 'वेळ' त्याच्यातूनच आली. तिथे आणि इथे, दोन्हीकडे माणसं समुद्राकडे बघूनच वेळ मोजत असणार, असं मला आपलं वाटतं.

जाता जाता 'विंडो'. हाही शब्द व्हायकिंगांकडून आलेला, मूळ अर्थ वाऱ्याचा डोळा. डॅनिशमध्ये आजही खिडकी म्हणजे 'विंदुए'. आपल्या गवाक्षातही डोळा आहेच, फक्त तो गाईचा.

चला, भेटू पुढच्या भागात.