शाळेत डिफिब्रिलेटर: मागायचा कसा, सांभाळायचा कसा

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत केलेलं हे भाषण. सभेला येऊ न शकलेल्या सदस्यांसाठी इथे देत आहोत.)



मागच्या मासिक बैठकीत दोन ग्रामसंघांच्या ताईंनी एकच प्रश्न विचारला. मैदानावर पळताना पोरं अचानक कोसळल्याच्या बातम्या मोबाइलवर येतात. शहरात विमानतळावर, मॉलमध्ये भिंतीला हृदयाचं एक यंत्र लावलेलं असतं. तसं यंत्र आपल्या शाळेत सरकारी पैशातून मिळेल का?

आपण गटात कर्ज देतो तेव्हा चार गोष्टी विचारतो. कशासाठी हवं? किती लागणार? कोणाच्या ताब्यात राहणार? परतफेड कशी होणार? सरकारकडे काही मागतानाही हेच चार प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न, कशासाठी?

या यंत्राचं नाव डिफिब्रिलेटर. शाळेत ठेवतात त्या सोप्या प्रकाराला एईडी म्हणतात. हार्ट अटॅक आणि हृदय थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अटॅकमध्ये हृदयाची रक्तवाहिनी तुंबते, माणूस बहुतेक वेळा शुद्धीवर असतो, छातीत दुखतंय म्हणून सांगतो. हृदय बंद पडतं तेव्हा माणूस कोसळतो, हाक मारली तर ओ देत नाही, श्वास थांबतो. अशा वेळी बऱ्याचदा हृदय नुसतं थरथरत असतं, रक्त पुढे ढकलत नाही. ती थरथर थांबवून ठोके पुन्हा लागावेत म्हणून हे यंत्र विजेचा झटका देतं.

मुलांमध्ये हे क्वचित घडतं. पण घडतं. जन्मापासून हृदयात दोष असतो आणि तो कोणाला माहीत नसतो. कधी क्रिकेटचा चेंडू छातीवर नेमका बसतो. कधी वायरचा शॉक लागतो, कधी वीज पडते. आणि शाळेत फक्त मुलं नसतात. मतदान तिथेच, सभा तिथेच, लसीकरणाचं शिबिरही तिथेच. हृदय बंद पडणाऱ्यांमध्ये मोठी माणसं जास्त असतात, तेव्हा शाळेतलं यंत्र गावालाही उपयोगी पडतं.

घाई का, तेही समजून घ्या. छाती दाबली नाही आणि झटकाही दिला नाही, तर दर मिनिटाला जगण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी कमी होत जाते. १०८ च्या गाडीत हे यंत्र असतं. पण ती गाडी वाडीवर पोहोचेपर्यंत किती वेळ जातो, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

दुसरा प्रश्न, किती लागणार आणि कोण देणार?

इथे इंग्लंडचं उदाहरण सांगते. लिव्हरपूल शहरात २०११ साली ऑलिव्हर किंग नावाचा १२ वर्षांचा मुलगा शाळेच्या पोहण्याच्या शर्यतीत हृदय थांबून गेला. त्याच्या वडिलांनी, मार्क किंग यांनी, त्याच्या नावाने संस्था काढली आणि प्रत्येक शाळेत हे यंत्र हवं म्हणून वर्षानुवर्षं सरकारचे उंबरठे झिजवले. २०२२ मध्ये तिथल्या शिक्षण खात्याने सरकारी पैशावर चालणाऱ्या सगळ्या शाळांना यंत्र द्यायचं जाहीर केलं. २०२३ पर्यंत जवळजवळ १८ हजार शाळांना मिळून २० हजारांहून जास्त यंत्रं पोहोचली. खर्च आला १ कोटी ९० लाख पौंड, म्हणजे आपले सुमारे दोनशे कोटी रुपये. मुलगा गेल्यापासून यंत्रं पोहोचेपर्यंत १२ वर्षं गेली. मागणी एका घराची होती, पण लोक जोडले गेले म्हणून ती टिकली.

आपल्याकडेही एक यंत्र लाखाच्या आसपास, कमी-जास्त पडतं. राज्यात सरकारी शाळा साठ हजारांच्या वर. प्रत्येक शाळेला एक म्हटलं तर सहाशे कोटींच्या पुढे हिशेब जातो. वीस पटाच्या वस्तीशाळेला आणि सहाशे पटाच्या हायस्कूलला सारखंच यंत्र, ही मागणी मलाही पटत नाही. जिथे छत गळतं, मुलींचं शौचालय बंद आहे, तिथे आधी ते. आपण मागू ते असं: मोठा पट असलेलं हायस्कूल, आश्रमशाळा, तालुका क्रीडा स्पर्धा भरतात ते मैदान आणि जिथून दवाखाना लांब आहे अशी गावं. तिथे आधी.

पैसा कुठून, तर तीन दारं आहेत.

एक, शाळा. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांना पटाप्रमाणे संयुक्त शाळा अनुदान असतं. १०० पर्यंत पट असेल तर २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार. ३० पर्यंतच्या छोट्या शाळेला १० हजारच. त्यातच खडू, वीजबिल, दुरुस्ती. यातून यंत्र होणार नाही, पण प्रथमोपचार पेटी आणि प्रशिक्षण नक्की होईल. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात. तुमच्यापैकी कितीतरी जणी त्या समितीत आहात. शाळा विकास आराखडा तुमच्या सहीने जातो, तो वाचल्याशिवाय सही करू नका.

दोन, ग्रामपंचायत. ‘आमचा गाव आमचा विकास’ आराखड्यात विषय घेतला तरच निधीचं बोलता येतं. वित्त आयोगाच्या पैशातला मोठा भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला असतो, तो मागू नका. अबंधित भागातून मागा. शिवाय पंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचा १० टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. तो कशावर झाला, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

तीन, जिल्हा परिषद आणि आमदार. पाच-सहा गावांचे ठराव प्रभागसंघाने एकत्र नेले तर तिथे ऐकून घेतात. एकटीचा अर्ज टेबलावर पडून राहतो.

तिसरा प्रश्न, ताबा कोणाकडे?

यंत्र मुख्याध्यापकांच्या कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली शिपाईकाकांकडे आणि शिपाईकाका लग्नाला. असं झालं तर लाख रुपये पाण्यात. यंत्र हाताला लागेल अशा, सगळ्यांना दिसणाऱ्या जागी हवं. पाऊस आणि ऊन लागू नये. सुट्टीत आणि रात्री ते कोण काढून देईल, त्या दोघांची नावं आणि फोन नंबर भिंतीवर लिहा. चोरी होईल ही भीती खरी आहे. त्यावर उपाय कुलूप नाही, सगळ्या गावाला त्याची ओळख असणं हा आहे.

चालवायला डॉक्टर लागत नाही. चालू केलं की यंत्र बोलतं, पॅड कुठे चिकटवायचे ते चित्रात दाखवतं. हृदय आधी स्वतः तपासतं, गरज नसेल तर झटका देतच नाही. छाती ओली असेल तर पुसून घ्यायची. झटक्याच्या वेळी कोणी हात लावायचा नाही. आठ वर्षांखालच्या मुलांसाठी वेगळे पॅड किंवा वेगळं बटण असतं. ते आहे का आणि यंत्र मराठी किंवा हिंदीत बोलतं का, हे खरेदीच्या आधी विचारून घ्या.

चौथा प्रश्न, परतफेड. म्हणजे पुढचा खर्च.

यंत्राचे पॅड साधारण दोन-तीन वर्षांत आणि बॅटरी चार-पाच वर्षांत बदलावी लागते. इंग्लंडमध्येही यंत्र सरकारने दिलं, पण पुढची देखभाल शाळांवर आली. आपल्या शाळेतला पाण्याचा फिल्टर आठवा. उद्घाटनाला नारळ फुटला, मेणबत्त्या बदलायला कोणी फिरकलं नाही. म्हणून ठरावातच पॅड-बॅटरीचा खर्च कोणाचा, ते लिहून घ्या. आपण इतिवृत्त आणि हजेरीपत्रक ठेवतो, तशी एक वही. महिन्याला एकदा हिरवा दिवा पाहायचा, पॅडची तारीख पाहायची, सही करायची. हे काम ग्रामसंघ घेऊ शकतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. यंत्र येईपर्यंत काय? हात तर आपल्याकडे आजच आहेत. आणि नुसतं यंत्र असलं तरी ते आणेपर्यंत छाती दाबावीच लागते.

माणूस कोसळला तर कांदा हुंगवू नका, चप्पल नाकाला लावू नका, तोंडात पाणी ओतू नका. शॉक लागला असेल तर आधी मेन स्विच बंद करा. वीज पडलेल्या माणसाला हात लावायला मात्र भिऊ नका, त्याच्या अंगात वीज राहत नाही. खांदे हलवा, हाक मारा. उत्तर नाही आणि श्वास नाही, किंवा घोरल्यासारखे नुसते आचके येत आहेत, तर हृदय थांबलंय असंच धरा. एकीने १०८ लावायचा, फोन स्पीकरवर ठेवायचा. दुसरीने छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून जोरात आणि भरभर दाबायचं. मोठ्या माणसाची छाती पाच ते सहा सेंटिमीटर दबली पाहिजे, मुलाची छातीच्या एक तृतीयांश. मिनिटाला १०० ते १२० वेळा. दमलात की दुसरीने हात घ्यायचा, थांबायचं नाही. बुडालेल्या मुलाला तोंडाने श्वास देणंही तितकंच गरजेचं असतं. ते बघून आणि बाहुलीवर करूनच शिकावं लागतं, म्हणून प्रशिक्षण हवं.

आणि एक आधीची काळजी. मूल पळता पळता भोवळ येऊन पडतं, छातीत धडधड सांगतं, किंवा घरात कोणी तरुण वयात अचानक गेलं आहे, तर ‘अशक्तपणा आहे’ म्हणून सोडू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत येतं. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढचा उपचार त्यात मोफत आहे. पथक येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, आणि ही लक्षणं डॉक्टरांना स्वतः जाऊन सांगा.

ग्रामसभेच्या आधी महिला सभा व्हायलाच हवी, असा कायदा आहे. २ ऑक्टोबरपासून पुढच्या वर्षाच्या आराखड्याची तयारी सुरू होते. त्याआधीच्या महिला सभेत हा ठराव मांडा, शब्द असे लिहून घ्या:

“प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांमार्फत शाळेतील शिक्षक, मोठी मुले व बचत गटाच्या सदस्यांना छाती दाबण्याचे प्रशिक्षण वर्षातून दोनदा देण्यात यावे. गावातील मोठ्या शाळेसाठी एईडी यंत्र, त्याचे पॅड व बॅटरीचा पुढील पाच वर्षांचा खर्च ग्रामविकास आराखड्यात घेण्यात यावा. यंत्राची मासिक तपासणी ग्रामसंघ करील.”

ठराव इतिवृत्तात लिहिला गेला का, ते पाहून मगच घरी जा. त्याची प्रत मागून घ्या आणि पुढच्या मासिक बैठकीला प्रभागसंघात आणा. सगळ्या गावांच्या प्रती एकत्र करून आपण जिल्हा परिषदेत जाऊ.