काशी ते कन्याकुमारी

ज्या महामार्गाला पूर्वी क्रमांक ७ म्हणत, तो वाराणसीहून निघे आणि रीवा, जबलपूर, नागपूर, हैदराबाद, बंगळूर, सेलम, मदुराई अशी शहरे मागे टाकीत कन्याकुमारीस पोहोचे. लांबी सुमारे २,३६९ किलोमीटर. काशीची गंगा रामेश्वरास नेणाऱ्या यात्रेकरूने मदुराईस पूर्वेकडे वळावे, इतकेच!

२०१० च्या फेररचनेत मध्य प्रदेशातील लखनादौनपासून दक्षिणेचा भाग श्रीनगरहून येणाऱ्या क्रमांक ४४ मध्ये विलीन झाला. काशी बाजूस पडली. सातचा आकडा आता पंजाबातील फाजिल्काहून बद्रीनाथपलीकडील माणा गावापर्यंतच्या मार्गास लाभला आहे. आकड्याचे तीर्थाटन तेवढे सुटले नाही.

अटलबिहारी वाजपेयींच्या काळात आखलेल्या उत्तर-दक्षिण मार्गिकेत हा रस्ता आला आणि त्याची खरी कसोटी नागपूरच्या उत्तरेस, पेंचच्या अरण्यात लागली. कान्हा आणि पेंच या व्याघ्र प्रकल्पांतील वाघांची ये-जा याच वनपट्ट्यातून. चौपदरीकरण म्हणजे तिच्यावर घाला, असे म्हणत वन्यजीवप्रेमी न्यायालयात गेले. काम रखडले, वाहनचालक कंटाळले. तरीही या मंडळींना विकासाचे शत्रू ठरविणे अन्यायाचेच होते. त्यांच्या हट्टामुळेच महाराष्ट्राच्या हद्दीत रस्ता नऊ ठिकाणी श्वापदांच्या वाटेवरून उचलून घेण्यात आला. त्यांतील सर्वांत लांब पूल ७५० मीटरांचा आहे. २०१९ मध्ये या पुलांखाली लावलेल्या कॅमेऱ्यांनी वाघ टिपले. मालमोटारी वरून धावतच होत्या.