एका गुंतवणूकदाराची आलोचना
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



अर्थविषयक चार शब्द बोलावेत अशी मला आज्ञा झाली. मी जन्मभर कापडाच्या पेढीवर बसलेला माणूस, बी. कॉम.ची पदवी घेतली खरी, पण शिकलो ते गादीवरच. म्हणून अमेरिकेतील सुप्रसिद्ध गुंतवणूकदार वॉरेन बफे यांच्या चरित्रातील कापडाशी संबंधित भागच आपणापुढे मांडतो. तो अपयशाचा आहे, आणि त्यांनी स्वतःच सांगितलेला आहे.

बर्कशायर हॅथवे ही मॅसॅच्युसेट्स राज्यातील न्यू बेडफर्ड येथील कापडगिरणी. १९६२ च्या डिसेंबरपासून बफे तिचे शेअर साडेसात डॉलर भावाने घेऊ लागले. धंदा उतरणीला लागला होता. कंपनी एकेक गिरणी बंद करी आणि आलेल्या पैशातून भागधारकांकडून स्वतःचेच शेअर परत घेई. तेव्हा स्वस्तात घ्यावे आणि थोड्या नफ्याने कंपनीलाच द्यावे, असा सरळ हिशोब होता. १९६४ मध्ये गिरणीचे प्रमुख सीबरी स्टँटन यांच्याशी साडेअकरा डॉलरचा भाव तोंडी ठरला. प्रत्यक्ष पत्रात मात्र अकरा डॉलर आणि तीन अष्टमांश असा भाव आला. फरक डॉलरच्या अवघ्या आठव्या हिश्श्याचा! बफे संतापले. विकणे दूरच, ते शेअर घेतच गेले. १९६५ च्या मे महिन्यात कंपनी त्यांच्या ताब्यात आली आणि स्टँटन यांना पायउतार व्हावे लागले.

आपण व्यापारी चार कषायांपैकी लोभालाच अधिक भितो. येथे घात केला तो क्रोधाने आणि मानाने. लोभी मनुष्य त्याच दिवशी शेअर देऊन, नफा पदरात पाडून मोकळा झाला असता!

पुढे वीस वर्षे ती गिरणी गळ्यात राहिली. नवी यंत्रे घेतली की खर्च वाचेल, असे कागदावर दिसे. परंतु तीच यंत्रे इतर गिरण्याही घेत आणि वाचलेला पैसा उतरलेल्या भावाच्या रूपाने गिऱ्हाइकाकडे जाई. कापडबाजारात बसलेल्यास हे निराळे सांगावयास नको. अखेर १९८५ मध्ये गिरणी बंद झाली. १९८१ साली प्रत्येकी सुमारे पाच हजार डॉलरना घेतलेल्या मागांना लिलावात पन्नास डॉलरही कोणी देईना. ते सव्वीस डॉलरप्रमाणे भंगारात गेले. हे वाचताना मला माझ्या फडताळातील न खपलेले तागे आठवले. खरेदीचा भाव मनातून जात नसे, म्हणून मी ते वर्षानुवर्षे जपले. अखेर ते घड्यांवरच विरले.

१९६७ मध्ये याच कंपनीच्या पैशातून बफे यांनी एक विमा कंपनी ८६ लाख डॉलरना घेतली आणि तेथून भरभराट सुरू झाली. तरीही बर्कशायरची खरेदी ही आपली मोठी चूक होती, असे ते सांगत राहिले. १९८९ सालच्या वार्षिक पत्रात तर त्यांनी पंचवीस वर्षांतील आपल्या चुकांचा पाढाच भागधारकांपुढे वाचला. त्यांना जैन ठरविण्याचा माझा हेतू नाही. पण गुरूंसमोर आलोचना करताना आपली जीभ किती अडखळते, हे ज्याचे त्याला ठाऊक. संवत्सरीला आपण सर्वांची क्षमा मागतो, परंतु ज्या भागीदाराशी बोलणे तुटले आहे त्याच्या दारी किती जण जातो? मी स्वतः एका ठिकाणी अद्याप गेलेलो नाही.

१९५८ मध्ये ३१,५०० डॉलरना घेतलेले ओमाहातील घर बफे यांनी अब्जाधीश झाल्यावरही बदलले नाही. २००६ मध्ये त्यांनी बहुतांश संपत्ती दान करण्याचे जाहीर केले, आणि २०२५ च्या मे महिन्यात, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी, कारभार दुसऱ्याकडे सोपविण्याचा मनोदय सांगितला. त्या प्रचंड कंपनीचे नाव मात्र अजून त्याच गिरणीचे आहे.