उघडलेली पेटी

पाणबुड्याच्या मनगटावरील संगणक खोली व वेळ मोजून अंगात मुरलेल्या नायट्रोजनचा हिशेब ठेवतो. घाईने वर आले, तर सोडावॉटरच्या बाटलीसारखे रक्तात बुडबुडे उठतात. हे ज्ञान मजुरांनी प्राण देऊन मिळवले आहे. अमेरिकेत सेंट लुईसच्या पुलाचा पाया घालताना, १८७० साली, कित्येक कामगार याच विकाराने मेले. इंग्लंडात हाल्डेन यांचे तक्ते १९०८ साली आले. म्हणून पेटी उघडलेला संगणक स्वस्तात मिळाला, तरी त्यातील बुड्यांची नोंद पाहा, बॅटरीच्या झाकणाचे रबरी कडे तपासा, हमी लेखी घ्या. सवलत देणारा दुकानदार किनाऱ्यावर असतो. पाण्याखाली आपण असतो.