किल्ली कोणाच्या हाती?



जुन्या ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीत शंभर वर्षांपूर्वी बोरूने लिहिलेली ओळ आजही कोणालाही वाचता येते. परंतु त्याच ग्रंथालयाने पंचवीस वर्षांपूर्वी संगणकावर तयार केलेली ग्रंथयादी आज उघडेलच, याची शाश्वती देता येत नाही. कागदाला कसर लागते हे सर्वांना ठाऊक आहे. संगणकातील नोंदीला कुलूप लागते, हे मात्र फार उशिरा ध्यानात येते. कार्यालयातील संगणकासाठी मुक्तस्रोत प्रणाली स्वीकारावी की नाही, हा प्रश्न म्हणूनच केवळ खर्चाचा नसून मालकीचा आहे.

संगणकाची यंत्रसामग्री आणि त्यावर चालणारी सॉफ्टवेअरे यांच्यामधील कारभार जी पाहते, ती ऑपरेटिंग सिस्टीम. बहुतेक कार्यालयांत ती मायक्रोसॉफ्टची विंडोज असते. ती विकत घेतली तरी मिळतो तो केवळ वापराचा परवाना. आतील रचना पाहण्याचा वा बदलण्याचा अधिकार मिळत नाही. याला पर्याय म्हणून रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा जगापुढे ठेवला. या दोहोंच्या संयोगातून उभी राहिलेली प्रणाली कोणीही वापरावी, तपासावी, सुधारावी आणि दुसऱ्यास द्यावी, अशी तिच्या परवान्याचीच अट आहे. ग्रंथाची देवघेव हेच ज्यांचे व्रत, त्या संस्थांना हे तत्त्व परके वाटू नये.

तथापि तत्त्व पटणे निराळे आणि कार्यालय चालविणे निराळे. या बाबतीत जर्मनीतील म्युनिक नगरपालिकेचा अनुभव उद्बोधक आहे. तेथील सुमारे चौदा हजार संगणक लिनक्सवर नेण्याचा निर्णय २००३ मध्ये झाला. तो फिरावा म्हणून मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर स्वतः महापौरांच्या भेटीस गेले होते. ‘लिमक्स’ नावाचा हा प्रकल्प दहा वर्षांनी, २०१३ मध्ये, पूर्ण झाला. पण पुढे महापौर बदलले, कर्मचाऱ्यांच्या तक्रारी वाढल्या, बाहेरच्या संस्थांशी कागदपत्रांची देवाणघेवाण अडू लागली आणि २०१७ मध्ये नगरपालिकेने विंडोजकडे परतण्याचे ठरविले. नगरपालिकेचा संगणक-कारभार अनेक विभागांत विखुरलेला होता आणि बऱ्याचशा अडचणी त्यातूनच उद्भवल्या होत्या.

याउलट फ्रान्सच्या जांदार्मरी या पोलीस दलाने क्रम उलटा धरला. त्यांनी २००५ मध्ये विंडोज तशीच ठेवून तिच्यावर ओपनऑफिस हे मुक्त सॉफ्टवेअर आणले, त्यानंतर फायरफॉक्स आणि टपालासाठी थंडरबर्ड. ही साधने हातात बसल्यावर, २००८ पासून, खालची प्रणाली हळूहळू बदलली. रोजची साधने तीच राहिल्याने पोलिसांना हा बदल जड गेला नाही. पुढे हजारो संगणक त्याच मार्गाने गेले. आधी कागद, मग साधन, शेवटी प्रणाली, हा या अनुभवाचा धडा होय.

भारतात केरळचे उदाहरण आहे. तेथील सरकारी शाळांनी मुक्त प्रणाली स्वीकारली, शिक्षकांना प्रशिक्षण दिले आणि पाठ्यपुस्तकेही तदनुसार लिहिली. २०१९ मध्ये तेथे दोन लाखांहून अधिक संगणकांसाठी नवी आवृत्ती सिद्ध झाली. त्यामुळे सुमारे तीन हजार कोटी रुपये वाचतील, असा अंदाज तेव्हा मांडण्यात आला.

खुद्द ग्रंथालयांच्या क्षेत्रातील उदाहरण न्यूझीलंडचे आहे. होरोव्हेनुआ येथील ग्रंथालय न्यासाची जुनी संगणकव्यवस्था २००० सालाची तारीख पेलू शकणार नव्हती. न्यासाने नवी व्यवस्था करवून घेतली, ती जानेवारी २००० मध्ये सुरू केली आणि सर्वांना मोफत खुली केली. तिचे नाव ‘कोहा’. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. मात्र जिची परतफेड अपेक्षित असते अशी भेट. आज भारतातील अनेक ग्रंथालये तिच्यावर चालतात.

मराठी ग्रंथालयांपुढे मात्र आणखी एक अडथळा आहे आणि तो लिपीचा आहे. १९९० च्या दशकातील मराठी सॉफ्टवेअरे रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवीत. प्रत्येक विक्रेत्याची मांडणी वेगळी. तो फाँट नसेल तर ‘ज्ञानेश्वरी’च्या जागी निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसते. काही सॉफ्टवेअरे तर संगणकाच्या मागे ‘डाँगल’ लावल्याखेरीज चालतच नसत; डाँगल बिघडले की सारे काम ठप्प. अशा नोंदी प्रथम युनिकोडमध्ये आणाव्या लागतात. रूपांतराची साधने उपलब्ध आहेत, परंतु जोडाक्षरे आणि रफार हमखास बिघडतात; म्हणून मराठी जाणणाऱ्या माणसाने प्रत्येक नोंद मूळ नोंदवहीशी ताडून पाहणे अपरिहार्य ठरते. मराठीचे शासकीय वा शालेय पाठबळ जेथे तुटपुंजे आहे, तेथे ग्रंथालयाची यादी हाच कित्येकदा त्या गावच्या मराठी वाचनाचा एकमेव दाखला असतो. तो एखाद्या विक्रेत्याच्या मर्जीवर अवलंबून ठेवणे परवडणारे नाही.

या प्रश्नाला निकडही आली आहे. विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि कित्येक जुन्या संगणकांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. अशी चालती यंत्रे भंगारात काढण्यापेक्षा त्यांवर लिनक्स घालणे शहाणपणाचे आहे. मराठी टंकलेखनासाठी इनस्क्रिप्ट कळफलक दोन्हीकडे सारखाच असल्याने बोटांची सवय वाया जात नाही. अर्थात हिशेबाची काही प्रचलित सॉफ्टवेअरे आणि काही प्रिंटर लिनक्सशी जुळवून घेत नाहीत. त्यांच्यासाठी, साहाय्य चालू असलेल्या विंडोजचा एखादा संगणक ठेवण्यात कमीपणा नाही. मुक्त म्हणजे फुकट असेही नव्हे. प्रशिक्षण आणि देखभाल यांची तरतूद अंदाजपत्रकात करावीच लागते. फरक इतकाच की तो पैसा परवान्यावर न जाता गावातल्याच जाणत्या तरुणाच्या कौशल्यावर खर्च होतो.

तेव्हा कार्यकारी मंडळाने नवा संगणक वा नवे सॉफ्टवेअर घेण्यापूर्वी एकच प्रश्न आवर्जून विचारावा: उद्या हा विक्रेता नसला, तर ग्रंथालयाच्या नोंदी ग्रंथालयाला उघडता येतील का? उत्तर ‘होय’ असेल, तर प्रणाली कोणती हा तपशिलाचा भाग उरतो. उत्तर ‘नाही’ असेल, तर कपाट ग्रंथालयाचे असले तरी किल्ली दुसऱ्याच्या कनवटीला आहे, हे ओळखून नोंदींच्या रूपांतराचे काम विनाविलंब हाती घ्यावे.