आचारी, आचार्य आणि एक छोटी दुरुस्ती



संयोजकांनी मला बजावलं होतं, 'काय काम करतेस ते सांग, पण सगळ्यांना कळेल असं.' नोकरीतलं काम सांगायला लागले तर अर्धे जण जेवणाच्या रांगेत जाऊन उभे राहतील. म्हणून गेल्या वर्षी बिनपगारी केलेलं एक लहानसं काम सांगते. त्याचा संबंध आपल्या मराठीच्या तासाशी आहे.

आम्ही प्रोग्रॅमर मंडळी ज्यात लिहितो त्याला टेक्स्ट एडिटर म्हणतात. त्यातले बरेच मुक्त असतात, म्हणजे त्यांचा कोड कुणालाही वाचता येतो, दुरुस्त करता येतो. ब्रॅम मोलेनार या डच प्रोग्रॅमरने १९९१ साली 'विम' नावाचा असाच एक एडिटर लोकांना दिला. तो आवडला तर युगांडातल्या गरजू मुलांना मदत करा, एवढंच त्याचं मागणं होतं. २०२३ मध्ये तो गेला, पण विमचं काम इतरांनी चालू ठेवलं आहे. अशा एडिटरला प्लगिन जोडता येतात. घरातला मिक्सर एकच असतो, पण चटणीचं भांडं वेगळं आणि रसाचं वेगळं, तसंच हे.

शाळेची जुनी हस्तलिखितं टाइप करून ठेवायची असं आपण ठरवलं, तेव्हा सगळ्यांच्या फाइल्स माझ्याकडे आल्या. शुद्धलेखन तपासताना मी स्नेहसंमेलनाच्या स्वयंपाकावरच्या एका लेखातला 'आचाऱ्यांना' हा शब्द शोधायला दिला. संगणकाने आचाऱ्यांबरोबर दुसऱ्या लेखातल्या 'आचार्यांना'ही पुढे आणून उभं केलं! 'मूल' शोधलं तर 'मेल' आणि 'मुले'सुद्धा सापडले. तिथे 'सगळे बदला' हे बटण दाबलं असतं, तर कितीतरी आचार्य स्वयंपाकघरात गेले असते.

शोधण्याचं काम एक मुक्त प्लगिन करत होतं, म्हणून त्याचा कोड उघडला. फ्रेंच किंवा स्पॅनिश शब्द शोधताना अक्षरावरच्या खुणा टाइप केल्या नाहीत तरी शब्द सापडावा, अशी त्यात सोय होती. त्यासाठी अक्षर आणि खूण सुटी करायची आणि खूण टाकून द्यायची. कोणत्या खुणा टाकायच्या? युनिकोडमध्ये 'स्वतःची जागा न घेणारी चिन्हं' असा एक वर्ग आहे, तो सगळाच्या सगळा.

आपले उकार, एक मात्रा, दोन मात्रा, अनुस्वार आणि पाय मोडण्याचं चिन्ह याच वर्गात येतात. काना, वेलांटी, काना-मात्रा मात्र दुसऱ्या वर्गात. त्यामुळे 'मामा' सुखरूप राहतो आणि 'मूल', 'मेल', 'मुले' या सगळ्यांचं 'मल' होतं. 'ऱ' हे अक्षर सुटं केलं की साधा 'र' आणि खाली नुक्ता असं होतं. नुक्ताही गेला की आचारी आणि आचार्य यांच्यात फरकच उरत नाही. युनिकोडचा तो वर्ग चिन्ह कसं बसतं एवढंच सांगतो. ते काढलं तर शब्दाचं काय होईल, हे त्याला विचारायचंच नसतं.

मी दुरुस्ती लिहून पाठवली. प्लगिन सांभाळणारा गृहस्थ परदेशातला, त्याला देवनागरी येत नाही. त्याने विचारलं, 'या खुणाच आहेत ना?' मी लिहिलं, 'इंग्रजीतले स्वर खुणा समजून काढून टाकले, तर बॅट, बिट आणि बट यांचं काय होईल?' त्याला लगेच पटलं. पण त्यानेही मला एक गोष्ट दाखवली. अरबी आणि हिब्रू रोजच्या लिखाणात स्वरचिन्हं बहुधा लिहीतच नाहीत, त्यामुळे तिथे ती सोडून शोधणंच सोयीचं. म्हणजे सगळ्या भाषांना एकच नियम लावून चालणार नव्हतं. मग आधी अक्षराची लिपी पाहायची आणि त्याप्रमाणे खूण ठेवायची किंवा सोडायची, असा कोड मी पुन्हा लिहिला.

कोड थोडासाच होता, जास्त वेळ गेला चाचण्यांना. पुढे कुणी काही बदललं आणि हीच चूक परत आली, तर या चाचण्या ओरडून सांगतात. त्यासाठी लागल्या शब्दांच्या जोड्या: सुत आणि सूत, मूल आणि मेल, दर्या आणि दऱ्या. बाई, या जोड्या तुम्ही फळ्यावर लिहून आमच्याकडून घोटून घेतल्या होत्या. आज जगात कुणीही त्या प्लगिनचा कोड बदलला, की आधी तुमच्या जोड्यांची परीक्षा द्यावी लागते.

एक गोष्ट मात्र मला लागली. ही चूक कित्येक वर्षं तिथे होती आणि एकाही मराठी माणसाने ती कळवली नव्हती. आपण म्हणतो, 'संगणकावर मराठी असंच चालायचं.' पलीकडे बसलेल्या माणसाला मराठी येत नाही. आपण सांगितलं नाही, तर त्याला ते कळणार कसं?

त्यासाठी इंजिनिअर असावं लागत नाही. मुक्त सॉफ्टवेअर वापरताना मराठी चुकलं, तर तीन गोष्टी लिहून काढा: काय टाइप केलं, काय दिसायला हवं होतं आणि काय दिसलं. एवढं पुरतं. इंग्रजीत लिहायचा संकोच वाटला तर मला पाठवा, मी पुढे पोचवीन. आणि सर, बाई, शब्दांच्या आणखी जोड्या आठवल्या तर जेवण झाल्यावर मला जरूर सांगा. वही आणली आहे.